पेटीतले कागद



आज आम्ही तुमच्याशी कागदांविषयी चार गोष्टी बोलणार आहोत.

तुमच्या प्रत्येकाच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. कुणाची पलंगाखाली, कुणाची माळ्यावर, कुणाची देव्हाऱ्याशेजारी. त्या पेटीत लग्नातले लुगडे असते, चार दागिने असतात आणि एका पिशवीत कागद असतात. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, जमिनीचे खरेदीखत, पोराचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, विम्याचा कागद. दागिने आहेत की नाहीत हे बघायला आपण पेटी वरचेवर उघडतो. कागद मोजायला कधी उघडली का? नाही उघडली. आम्हीही उघडत नव्हतो.

आपले गाव कृष्णेच्या काठी. नदीने आपल्याला ऊस दिला, मळी दिली, आणि पूरही दिला. २००५ साली मोठा पूर आला. पाणी कुठवर आले त्याची खूण लोकांनी मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर रंगाने करून ठेवली. सगळ्यांनी मनाशी धरले की याच्यावर पाणी काही जात नाही. म्हणून मग पेट्या त्या खुणेपेक्षा हातभर उंच, फळीवर चढल्या. हिशेब चुकला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी आहे ४५ फूट. जुन्या खुणेवर पाणी तीन फुटांहून जास्त चढले. फळीवरच्या पेट्या पाण्यात गेल्या त्या तशाच आठ दिवस राहिल्या.

आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीतून मोकळे झालो होतो. माळावरच्या शाळेत लोक आणून ठेवले होते, तिथे आम्ही नावे लिहून घ्यायला बसलो. बोटीतून एक एक कुटुंब येई. कुणाच्या हातात शेरडू, कुणाच्या कडेवर पोर. कागदाची पिशवी आणलेले घर पन्नासात एखादे. आणि त्यात नवल काय? पाणी उंबऱ्याला लागल्यावर माणूस आधी म्हातारी उचलील का पिशवी?

आमच्या शेजारच्या आक्काही तशाच आल्या. बरोबर धाकटी मुलगी. आक्कांचे मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, आदल्या दिवाळीत वारले होते. अण्णांनी विमा उतरवला होता. पण वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू, असे म्हणत आक्कांनी तो कागद पेटीतून काढलाच नव्हता. दुःखात माणूस कागद कुठला बघतो?

पाणी ओसरल्यावर पेटी उघडली. झाकणाखालून चिखल निघाला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत होते, पण पिशवीच पाण्याने भरलेली. आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात ते एकेक करून वाळत घातले. विम्याचा कागद उलगडायला गेलो तर भिजलेल्या भाकरीसारखा त्याचा लगदा हातात आला. आक्का म्हणाल्या, "गुरुजी, तुमीच वाचून दावला हुता की यांना. नंबर ध्यानात न्हाई व्हय तुमच्या?"

मंडळी, हा प्रश्न आम्ही आजवर विसरलो नाही. गोष्ट खरी होती. दोन वर्षांपूर्वी अण्णा तो कागद घेऊन आमच्याकडे आले होते. ओसरीवर बसून आम्ही तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. किती रक्कम, कुणाला मिळणार, सगळे सांगितले. मग घडी घालून परत दिला. त्या वेळी आमच्या सदऱ्याच्या खिशात फोन होता. फोनला कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याने आम्ही आदल्याच दिवशी दारातल्या जास्वंदीचा फोटो काढला होता. कागदाचा फोटो काढायचे काही सुचले नाही.

पुढे काय झाले ते ऐका. अण्णांच्या मृत्यूचा दाखला पुन्हा मिळाला. ग्रामपंचायतीच्या कपाटातही पाणी शिरले होते, वह्या भिजल्या होत्या, पण मृत्यूची नोंद संगणकावर झालेली होती. तिथून ती निघाली. विम्याचे तसे झाले नाही. कचेरीत गेले की पहिला प्रश्न, पॉलिसी नंबर काय? नंबर नाही. बरे, जन्मतारीख? अण्णांची जन्मतारीख आधारवर एक आणि विमा उतरवताना सांगितली दुसरीच. नाव शोधले तर आडनावाचे स्पेलिंग जुळेना. ज्या एजंटाने विमा उतरवला तो गाव सोडून गेलेला. आक्का एस.टी.ने खेपा घालीत राहिल्या. मग २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली आणि खेपाही थांबल्या. त्यांनी म्हैस विकली. मुलीची बारावी झाली होती, पुढची फी भरता आली नाही. तिचे एक वर्ष घरी बसून गेले.

नंबर अखेर सापडला कुठे? जत तालुक्यात. आक्कांचे माहेर तिकडचे. एकदा अण्णा सासरी गेले असताना हप्त्याची तारीख आली, म्हणून त्यांनी तिकडेच हप्ता भरला आणि पावती मेव्हण्याच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवली. खिळ्याला वर्षावर वर्षे कॅलेंडरे लागत गेली, पावती खाली तशीच राहिली. टाळेबंदी सैल झाल्यावर आक्का माहेरी गेल्या, भिंती रंगवायला काढल्या होत्या, तेव्हा ती हाती लागली. तीवर नंबर होता. पुढे पैसे मिळाले. गेलेले वर्ष काही मिळाले नाही.

आता यातून दोन गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. त्या तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट नंबराची. कागद हरवला तर बहुतेक कागद पुन्हा मिळतात. सरकारी कागद एकाच ठिकाणी नसतो. एक तुमच्याकडे असतो आणि त्याची नोंद कचेरीत असते. पण कचेरीतली नोंद शोधायला खूण लागते. ती खूण म्हणजे नंबर आणि साल. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मिळते. तिथे ते विचारतात, दस्त क्रमांक काय, साल कोणते? पेन्शनच्या कागदावर नंबर असतो. गॅसच्या पुस्तकावर ग्राहक क्रमांक असतो.

शाळेचे तर आम्ही स्वतः अनुभवले आहे. शाळेत एक मोठे जनरल रजिस्टर असते. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराला त्यात नंबर पडतो आणि तोच नंबर दाखल्यावर येतो. माणूस येऊन म्हणतो, "गुरुजी, माझा दाखला हरवला, दुसरा द्या." आम्ही विचारतो, शाळा कोणत्या साली सोडली? तो म्हणतो, "ते काय सांगता येणार न्हाई, पण त्या साली बैलपोळ्याला लई पाऊस झाला हुता." मग आम्ही रजिस्टराची पाने उलटत बसायचो. कधी एक तास, कधी दोन दिवस. आणि ज्याच्याकडे दाखल्याची जुनी झेरॉक्स असे, मग ती फाटकी का असेना, त्याचे काम दहा मिनिटांत होई. कारण तीवर नंबर असे.

दुसरी गोष्ट जागेची. आक्कांचे सगळे कागद एका पेटीत होते. वाचली ती पावती जतला होती. जतला पूर येत नाही. तिकडे उन्हाळ्यात टँकर येतो. पुराच्या गावातला कागद दुष्काळाच्या गावात राहिला म्हणून वाचला. तो नशिबाने तिथे राहिला. आपण तो मुद्दाम ठेवायचा.

ही काही नवी युक्ती नव्हे. पूर्वीचे राजे जमीन दान देत तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. त्याला ताम्रपट म्हणतात. भूर्जपत्र कुजते, वाळवी खाते, तांबे टिकते, हे त्यांना कळत होते. पेशव्यांच्या कचेरीतले कागद कापडाच्या रुमालात बांधून ठेवलेले आहेत, ते पुण्यात अजून बघायला मिळतात. आणि नक्कल हा शब्द तर तुमच्या तोंडचाच आहे. तलाठ्याकडून तुमचे आजोबा नक्कल आणत होतेच की. आता तांबेही नको आणि रुमालही नको. नक्कल फोनने निघते.

ती कशी काढायची? कागद खाली सपाट ठेवा. दारात उजेड असतो तिथे ठेवा, पण कडक उन्हात नको. फोन कागदाच्या बरोबर वर धरा. वाकडा धरला तर अक्षरे एका बाजूला बारीक होतात. कागदाची चारही टोके फोटोत आली पाहिजेत. आपल्या हाताची सावली पडू देऊ नका. कागदाला पाठ असेल तर पाठीचाही फोटो काढा. रेशनकार्डाची सगळी पाने काढा. पासबुकाचे पहिले पान काढा. मग फोटो मोठा करून बघा. नंबर वाचता आला तर फोटो चांगला. वाचता आला नाही तर पुन्हा काढा, त्याला पैसे पडत नाहीत.

हे करताना जनावरेही विसरू नका. गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर बारा आकडी नंबर असतो. बिल्ल्याचा एक फोटो आणि सबंध जनावराचा एक फोटो काढून ठेवा. पुरात गोठा गेला तर पंचनाम्याच्या वेळी दावणीला काय होते हे सांगायला उपयोगी पडतो. पंचनाम्याला आलेला माणूस परका असतो. तुमची म्हैस त्याने पाहिलेली नसते.

आता तुम्ही म्हणाल, फोनमध्ये फोटो ठेवले, झाले काम. नाही झाले! पुरात पेटी बुडते तसा फोनही बुडतो. २०१९ ला आमचाच फोन बोटीत चढताना पाण्यात गेला. फोन विहिरीत पडतो, चोरीला जातो, नातू त्याच्यावर खेळता खेळता सगळे पुसून टाकतो. म्हणून फोटो काढले की ते दुसऱ्या गावी पाठवा. लेक सासरी असेल तिला पाठवा. भाऊ मुंबईला असेल त्याला पाठवा. ज्याच्यावर भरवसा आहे आणि जो नदीच्या काठी राहत नाही अशा एकालाच पाठवा. दहा जणांना नको. गावाच्या ग्रुपवर तर मुळीच नको. त्याचे कारण पुढे सांगतो.

दुसरी सोय सरकारची आहे. २०१५ साली केंद्र सरकारने डिजिलॉकर नावाची पेटी सुरू केली. ती फुकट आहे. ही पेटी तुमच्या फोनात नसते. ती सरकारच्या संगणकावर असते, फोन ही तिची नुसती किल्ली. फोन हरवला तरी दुसऱ्या फोनातून तीच पेटी उघडते. मात्र त्यासाठी आधारला तुमचा चालू मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे. पुष्कळांचा जुना नंबर जोडलेला आहे आणि ते कार्ड केव्हाच बंद पडले आहे. त्यांनी आधी आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडून घ्यावा. यात आळस करू नका, कारण पुढचे सगळे यावर अडते.

डिजिलॉकरात दोन तऱ्हेचे कागद राहतात. हा फरक नीट समजून घ्या, शिकलेले लोकही इथे चुकतात. एक तऱ्हा अशी की तुम्ही नंबर टाकता आणि ज्या खात्याने कागद दिला त्या खात्याकडूनच तो थेट पेटीत येतो. आधार, पॅन, गाडीचे लायसन, अलीकडच्या वर्षांच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका अशा येतात. असा आलेला कागद मूळ कागदासारखाच धरावा, असा केंद्र सरकारचा नियम आहे. दुसरी तऱ्हा अशी की तुम्ही स्वतः काढलेला फोटो त्या पेटीत टाकता. तो टाकायला हरकत नाही, नंबराला उपयोगी पडतो. पण तो फोटोच. पेटी सरकारची म्हणून फोटो काही सरकारी होत नाही.

सात-बाराचेही असेच. २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळू लागला. सरकारच्या संकेतस्थळावर त्याला १५ रुपये पडतात. त्यावर तलाठ्याची शाईची सही लागत नाही, तरी तो सरकारी कामाला चालतो. पूर आला, घर वाहिले, तरी तुमच्या गटाचा नंबर पाठ असेल तर सात-बारा तालुक्याच्या सेवा केंद्रात बसून निघेल. म्हणून गट नंबर आणि खाते नंबर पोरांना पाठ करायला लावा. पाढे पाठ करतात, हेही करतील.

एक कागद मात्र असा आहे की त्याची नोंद कुठेच नसते. भावाभावांतल्या वाटणीचा घरगुती कागद, हातउसन्या पैशांची चिठ्ठी, वडिलांनी हाताने लिहिलेला जमाखर्च. हा गेला की गेला. याचा फोटो सगळ्यांच्या आधी काढा. कोर्टात फोटोला मूळ कागदाचे वजन नसते, हे खरे. पण मूळ कागद पुरात गेला हे दाखवून देता आले तर नक्कल पुढे ठेवता येते. काहीच हातात नसले तर वकील तरी काय करील?

आणि मूळ कागद जपायचे सोडू नका बरे. फोटो काढला म्हणून पिशवी वाऱ्यावर टाकायची असे नव्हे. पावसाळा लागायच्या आधी पेटी उन्हाला दाखवा. वाळवी, उंदीर, चुलीची ठिणगी, यांना पुरासारखी चौदा वर्षे वाट बघावी लागत नाही. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लोक झोपेत होते. तिथे पाणी चढण्याइतकाही वेळ कुणाला मिळाला नाही.

आता ग्रुपवर का नको ते सांगतो. पेटीला आपण कुलूप लावतो. फोटोला कुलूप नसते. तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला की परत आणता येत नाही. तुमच्या आधारचा फोटो भलत्याच्या हाती पडला तर तो तुमच्या नावाने सिमकार्ड घेईल, कर्ज काढील. म्हणून जिथे नुसती ओळख पटवायची आहे तिथे आठ आकडे झाकलेले आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावर काढून मिळते. दुकानात छापायला फोटो पाठवला तर काम झाल्यावर दुकानदाराला आपल्यासमोर तो पुसायला सांगा. "मला विश्वास हाय तुमचा, पण पुसा," असे गोडीने म्हणा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

डिजिलॉकर उघडताना फोनवर एक आकडा येतो, त्याला ओटीपी म्हणतात. शिवाय तुम्ही स्वतः ठरवलेला सहा आकडी पिन असतो. हे दोन्ही कुणाला सांगायचे नाहीत. फोन करून कुणी म्हणाला, मी बँकेतून बोलतो, मी कचेरीतून बोलतो, तुमची पूरग्रस्त मदत आली आहे, आकडा सांगा, तर फोन ठेवून द्या. खऱ्या कचेरीला तो आकडा लागत नाही. पुराच्या दिवसांत असले फोन येतात, कारण तेव्हा माणूस घाबरलेला असतो. फसलाच आणि पैसे गेले तर लाजून घरात बसू नका. त्याच घटकेला १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढे जातात.

आता आम्ही जरा बायाबापड्यांशी बोलतो. पुरुष मंडळींनी ऐकले तरी चालेल, नव्हे, ऐकावेच. घरातले कागद कुठे आहेत हे बहुतेक घरांत एकाच माणसाला ठाऊक असते आणि तो माणूस बहुधा पुरुष असतो. अण्णा भले माणूस होते. पण विमा कुठल्या कचेरीचा हेही त्यांनी आक्कांना सांगितले नव्हते. का, तर "तिला काय कळतंय त्यातलं." आणि त्यांच्या माघारी खेपा कुणी घातल्या? तर तिनेच. डिजिलॉकर उघडला आणि पिन फक्त मालकाला ठाऊक असला तर त्या पेटीचा अर्धाच उपयोग झाला. कागद काय काय आहेत, फोटो कुणाकडे पाठवले आहेत, हे घरात निदान दोघांना ठाऊक पाहिजे. नवऱ्याचे नवऱ्याच्या आधारवर, बायकोचे बायकोच्या आधारवर, असे दोघांचे वेगवेगळे डिजिलॉकर उघडा. बायकोचा फोन नसेल तर निदान तिच्या नावाचे कार्ड घ्या आणि ते आधारला जोडा.

आक्का आता आपल्या रात्रीच्या वर्गाला येतात, तुम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिले आहे. आकडे त्यांना आधीपासून थोडे येत होते, अक्षरे इथे आली. परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी स्वतःच्या हाताने रेशनकार्डाचा फोटो काढला. पहिला हलला. दुसऱ्यात अंगठा आला. तिसरा बरा आला, तो मोठा करून त्यांनी नंबर बोटाने एकेक आकडा वाचला आणि जतला भावाला पाठवला. भावाचा लगेच फोन आला, आक्का, हे काय पाठवलंस, रेशन बंद झालं का काय?

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेत या. पेटी आणू नका, नुसती पिशवी आणा. कागद नीट सुकलेले असू द्या. फोन भरून आणा, शाळेत विजेचा भरवसा नाही. ज्याच्याकडे कॅमेऱ्याचा फोन नाही त्याने कागद घेऊन यावे, आमच्या फोनाने काढू, तुम्ही सांगाल त्या तुमच्या माणसाला तुमच्यासमोर पाठवू आणि तुमच्यासमोरच आमच्या फोनातून पुसू. आधारला कोणता नंबर जोडला आहे ते घरी विचारून या. आक्का दाराशी बसतील, कुणाचा फोटो हलला आहे ते त्या सांगतील.